केमिस्ट्रीत बी, मॅथ्समध्ये ए, मग मेजर कुठला घेऊ?

पत्र थोडक्यात, नाव-गाव-कॉलेज काढून: पुणे जिल्ह्यातली एफवाय बीएस्सीची विद्यार्थिनी, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स ग्रुप. बारावीला ८४ टक्के. मामा कुरकुंभ एमआयडीसीत एका कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात आहेत, त्यांचं बघून शाळेपासूनच ठरलेलं की केमिस्ट्री करायची. आता पहिल्या सेमचा निकाल चार दिवसांपूर्वी लागला आणि एसजीपीए, म्हणजे सेमच्या ग्रेड पॉइंटांची सरासरी, आला ६.९१. केमिस्ट्री थिअरीत बी, मॅथ्स थिअरीत ए. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला ७.२७, आणि केमिस्ट्री प्रॅक्टिकलच्या इंटर्नलला तिला १५ पैकी १४, हिला १०. "मी वर्गात मागे पडले. मॅडमच्या पुढेपुढे करणाऱ्यांनाच मार्क मिळतात." बाबा म्हणतात ८४ वरून ६९ वर आलीस, बीसीएलाच टाकायला हवं होतं. सेकंड इयरला मेजर, म्हणजे मुख्य विषय ठरवायचा आहे, वर्ष संपायच्या आत फॉर्म भरायचाय. प्रश्न असा की केमिस्ट्री सोडून मॅथ्स घेऊ, की सायन्सच सोडू? सोबत मार्कशीटचा फोटो, पुढून आणि मागून.

मार्कशीटचा फोटो पाठवलास हे फार बरं केलंस बघ. एरवी पत्रं येतात ती "ताई कमी मार्क पडले, काय करू" एवढ्यावर संपतात आणि मग मी अंदाजपंचे काहीतरी सांगत बसते. तुझा फोटो मोठा करून कॅल्क्युलेटर घेऊन बसले, आणि मला त्यात जे दिसलं ते तू पत्रात लिहिलेल्या गोष्टीशी फारसं जुळत नाहीये. म्हणून आधी मार्कशीट वाचू, मेजरचं नंतर बोलू.

तुझे अकरा पेपर आहेत, सगळे दोन-दोन क्रेडिटचे, सगळे ५० मार्कांचे, एकूण २२ क्रेडिट. मागच्या बाजूला तक्ता छापलाय, तो कोणीच वाचत नाही: ९० टक्क्यांपासून ओ म्हणजे १० पॉइंट, ८० पासून ए प्लस म्हणजे ९, ७० पासून ए म्हणजे ८, ६० पासून बी प्लस ७, ५५ पासून बी ६, ५० पासून सी ५, आणि ४० पासून पी म्हणजे नुसता पास, ४ पॉइंट. ही अक्षरं आणि पॉइंट यूजीसीच्या क्रेडिट पद्धतीतून आलेत, पण कुठल्या टक्क्याला कुठलं अक्षर द्यायचं हे ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं, काही ठिकाणी ८० लाच ओ मिळतो. त्यामुळे दुसऱ्या विद्यापीठातल्या चुलत बहिणीशी अक्षराची तुलना करायला जाऊ नकोस, उगाच मनस्ताप. एसजीपीए काढायचा म्हणजे प्रत्येक पेपरचे पॉइंट गुणिले त्याचे क्रेडिट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. तुझे सगळे पेपर सारख्या क्रेडिटचे असल्यामुळे अकरा पॉइंटांची सरळ सरासरी, ७६ भागिले ११, ६.९१. बरोबर आहे, तिथे चूक नाही.

आता बाबांचे ६९ टक्के. हे चुकीचं आहे, पण लगेच खूश होऊ नकोस, कारण खरा आकडा त्याहून कमी आहे. तुझे मार्क मी मिळवले, ५५० पैकी ३६१ होतात, म्हणजे ६५.६ टक्के. पॉइंटला दहाने गुणलं की टक्के येतात असं अर्ध्या महाराष्ट्राला वाटतं. दहावीच्या सीबीएसईवाल्यांना पूर्वी साडेनऊने गुणायची सवय होती, इंजिनिअरिंगवाले आधी पाऊण वजा करून मग दहाने गुणतात, आणि आपल्या विद्यापीठांचे फॉर्म्युले अजून वेगळे असतात. कुठल्या फॉर्मवर टक्के मागितले तर विद्यापीठाने दिलेलाच फॉर्म्युला वापरायचा, मनाने नाही.

पण हे असं का होतं हे समजून घे, कारण मैत्रिणीचं कोडं त्यातच सुटतं. ग्रेड हे एसटीच्या टप्प्यासारखं आहे, टप्पा सुरू झाल्यावर एक किलोमीटरवर उतरा नाहीतर टप्पा संपता संपता उतरा, भाडं तेच. ५० पैकी ३० ला ७ पॉइंट आणि ३४ लाही ७ च. केमिस्ट्री प्रॅक्टिकलला तुला ३४ आहेत, फिजिक्स थिअरीला ३३, मॅथ्स थिअरीला ३९, आणि केमिस्ट्री थिअरीला २९. तू चार-चार ठिकाणी टप्पा संपता संपता उतरलीयस. ३५ ला ८ पॉइंट होते, ४० ला ९, ३० ला ७. आता समज एखादीला तीन पेपरला बरोब्बर ३५ आणि आठ पेपरला बरोब्बर ३० पडले, तर तिची बेरीज ३४५ होते, तुझ्यापेक्षा १६ मार्क कमी, आणि तिचा एसजीपीए येतो ७.२७. म्हणजे जेवढा तुझ्या मैत्रिणीचा आहे तेवढाच! तिला असेच पडलेत असं मी म्हणत नाहीये, तिची मार्कशीट मी बघितलेली नाही, पण ७.२७ ऐकून ती तुझ्यापेक्षा पुढे आहे असं तू जे धरून चाललीयस ते मार्क बघितल्याशिवाय धरता येत नाही एवढंच.

आणि केमिस्ट्री थिअरीचा तो एक मार्क बघ ना. २९ चे ३० झाले असते तर पॉइंट ७७, एसजीपीए ७.०० पूर्ण. मग हे पत्र तू लिहिलं असतंस का? एका मार्काने तुझी केमिस्ट्री सुधारली असती का बिघडली असती?

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. पत्रभर तू केमिस्ट्री, मॅथ्स, मॅडम, मैत्रीण एवढंच लिहिलंयस. सायन्सचे तुझे सहा पेपर, तीन थिअरी आणि तीन प्रॅक्टिकल, यांचे पॉइंट ४६ आहेत, सरासरी ७.६७. हे काही रडायचे मार्क नाहीयेत. मग ६.९१ कुठून आला? खालच्या पाच ओळी बघ. ओपन इलेक्टिव्ह २७, भारतीय ज्ञान प्रणाली २६, पर्यावरण २८, भाषा ३०, स्किलचा पेपर ३१. पॉइंट ५, ५, ६, ७, ७. सरासरी बरोबर ६. त्या पाच पेपरांचे क्रेडिट १० आहेत, बावीसपैकी दहा, आणि तू त्यांचा पत्रात उल्लेखसुद्धा केलेला नाहीस! माझा अंदाज, ते पेपर तू आदल्या रात्री झेरॉक्सच्या नोट्स वाचून दिलेस. सगळेच देतात, वर्गात सरही म्हणतात की याचं काय एवढं. पण मार्कशीटला हा पेपर सोपा आणि तो अवघड असं काही कळत नाही, तिला फक्त क्रेडिट कळतात, आणि पर्यावरणाचे दोन क्रेडिट आणि केमिस्ट्री थिअरीचे दोन क्रेडिट तिच्या लेखी सारखेच. या पाच पेपरांत तुला प्रत्येकी ३५ पडले असते, म्हणजे ७० टक्के, तर बाकी काहीही न बदलता एसजीपीए ७.८२ झाला असता. मॅडमने काही केलं न केलं तरी.

हे योग्य आहे का असं विचारशील तर मला ते फारसं पटत नाही. केमिस्ट्री शिकायला आलेल्या पोरीचा जवळजवळ अर्धा निकाल इतर पेपरांवर ठरावा हे विचित्रच आहे, आणि या पेपरांसाठी बऱ्याच कॉलेजात धड शिक्षकही नसतात, कुणीतरी लोड पूर्ण करायला शिकवतं. पण नियम असा आहे तोवर त्या पेपरांना आठवड्यातून दोन तास दे. त्यात विषय कठीण नसतो, प्रश्न वर्षानुवर्षं त्याच धाटणीचे येतात, असाइनमेंट वेळेवर दिली आणि उत्तरात मुद्दे पाडून लिहिले तरी साठच्या वर जाता येतं.

आता "मी वर्गात मागे पडले" हे तुझं वाक्य. कशावरून? तुमच्याकडे ग्रेड मार्कांवरून ठरते, वर्गातल्या नंबरावरून नाही. पेपर अवघड निघाला आणि सगळ्या वर्गाला २८-२९ च मार्क पडले तर सगळ्या वर्गाला बी, आणि पेपर सोपा निघाला तर सगळ्यांना ए. वर्गाच्या तुलनेत ग्रेड द्यायची पद्धतही असते. आयआयटीत ती वर्षानुवर्षं चालत आलीय, त्यातल्या काही ठिकाणी एए, एबी, बीबी अशी अक्षरं मिळतात आणि वर्गातली बाकीची पोरं कशी आहेत यावर तुझं अक्षर बरंचसं ठरतं. अमेरिकेत शिकणारी आपली मुलं घरी फोनवर सांगतात ना की शंभरात पंचावन्न पडले तरी ए आला, कर्व्ह होता, तेच. यूजीसीने दोन्ही पद्धतींना मोकळीक दिलेली आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांच्या बीएस्सीत कर्व्ह-बिर्व्ह काही नाही. तेव्हा तुझा बी बघून तू वर्गात कुठे आहेस हे कळायचा मार्गच नाही. विचारून बघ, केमिस्ट्री थिअरीत वर्गात सगळ्यात जास्त किती पडले? जर टॉपच ३६ असेल तर तुझे २९ म्हणजे वेगळीच गोष्ट झाली.

बरं, मॅडम. मी अनेक वर्षं केमिस्ट्री शिकवली, प्रॅक्टिकलच्या परीक्षा घेतल्या, पेपर तपासले, त्यामुळे इंटर्नलमध्ये आवडनिवड चालत नाही असं तुला सांगितलं तर ते खोटं होईल. चालते. पण बहुतेक ठिकाणी इंटर्नलची खरी गंमत उलटी असते, कुणालाच नाराज करायचं नाही म्हणून सगळ्या वर्गाला बारा ते चौदाच्या मध्ये कुठेतरी टाकून देतात. त्यामुळे १५ पैकी १० म्हणजे जरा नजरेत येणारा आकडा आहे, त्यामागे कारण असणार. राग असेल, किंवा साधी नोंद असेल. प्रॅक्टिकलच्या इंटर्नलचे मार्क साधारण हजेरी, दर आठवड्याला जर्नल तपासून घेणं, आणि एखादी छोटी तोंडी यातून जमतात. तू जर्नल दर आठवड्याला सही करून घेत होतीस का सेमच्या शेवटी एकदम सगळी प्रॅक्टिकलं लिहून सर्टिफाय करायला नेलीस? मला वाटतं तुला उत्तर माहितीय.

मॅडमकडे जा. एकटी जा, मैत्रिणीचं नाव काढू नकोस, तिला चौदा कसे आणि मला दहा कसे असं विचारलंस की समोरचं माणूस लगेच स्वतःला सावरायला लागतं आणि मग काही कळत नाही. एवढंच विचार की "मॅडम, माझे पाच मार्क कुठे गेले, पुढच्या सेमला मला ते सुधारायचेत." ज्यांनी नोंद ठेवलीय त्या वही उघडून दाखवतील. ज्यांनी ठेवली नाहीये त्या गडबडतील, आणि पुढच्या वेळी तुझे मार्क लिहिताना तू त्यांच्या लक्षात राहशील, तेही चांगलंच. फारच अन्याय दिसला तर विभागप्रमुख आहेत, कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिथे लेखी दे. पण त्याआधी हिशोब कर की भांडण किती मोठं आहे. तुला दहाचे चौदा मिळाले असते तर प्रॅक्टिकल ३४ चं ३८ झालं असतं, बी प्लसचा ए, आणि एसजीपीए सहा पूर्णांक एक्याण्णववरून सातवर, म्हणजे ०.०९. भांडायचं तर भांड, पण तेवढ्यासाठी मेजर बदलू नकोस.

प्रॅक्टिकलच्या एक्स्टर्नलमध्ये, म्हणजे सेमच्या शेवटच्या परीक्षेत मात्र ३५ पैकी २४ आहेत, तिथले अकरा मार्क जास्त महत्त्वाचे. टायट्रेशनमध्ये पोरं मार्क कुठे घालवतात ते सांगते: पहिलंच रीडिंग एंडपॉइंटच्या पुढे गेलेलं, फिकट गुलाबीच्या जागी रताळ्याच्या सालीचा रंग आलेला, मग तीन रीडिंग जुळत नाहीत म्हणून चौथ्याचा कागदावरच जुळवलेला आकडा, आणि तो परीक्षकाला लांबूनही ओळखू येतो. ब्युरेटच्या रीडिंगला दशांशानंतर एक अंक लिहायचा असतो, २० नाही २०.०. निरीक्षणं पेनने आणि लगेच लिहायची. शेवटी रिझल्टला युनिट नाही, कितीतरी जण उत्तर बरोबर आणून तिथे मार्क सोडतात. आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला साधे प्रश्न असतात, हा इंडिकेटर का, तो का नाही, ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन परमँगनेटशी करताना गरम का करायचं. प्रॅक्टिकल करताना "का" विचारायची सवय असली की व्हायव्हासाठी वेगळा अभ्यास लागत नाही.

केमिस्ट्री थिअरीचा २९ फुटतो तो इंटर्नलचे ११ अधिक एक्स्टर्नलचे १८. पस्तीसपैकी अठरा, निम्म्याच्या जरा वर. हे सतरा मार्क कुठे गेले हे तुला माहीत नाही, मला नाही, बाबांना तर नाहीच नाही, आणि तेवढ्या माहितीवर तू पदवीचा विषय बदलायला निघालीस! आधी उत्तरपत्रिका बघ. फोटोकॉपीसाठी अर्ज करायची मुदत निकालानंतर फार थोडी असते, काही ठिकाणी मोजून थोडे दिवस, त्यामुळे हे वाचून झालं की उद्याच परीक्षा विभागाच्या खिडकीवर जा. एफवायचे पेपर बऱ्याच ठिकाणी कॉलेजच घेतं आणि तपासतं, तसं असेल तर अर्ज कॉलेजातच. खिडकीवरच्यांनी "असं काही मिळत नाही" म्हटलं तर घाबरू नकोस. २०११ साली सुप्रीम कोर्टाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा माहिती अधिकाराखाली विद्यार्थ्याचा हक्क आहे. फक्त लक्षात ठेव, बघायचा हक्क वेगळा आणि परत तपासून घेणं वेगळं, रिव्हॅल्युएशन तुमच्या विद्यापीठाच्या नियमांनीच होतं, फी वेगळी, मुदत वेगळी, आणि मार्क कमी झाले तर काय हे अर्जाच्या आधी वाचायचं.

उत्तरपत्रिका हातात आली की आधी बेरीज तपास. मग एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का बघ, पुरवणी जोडलेली असते तिच्यावरचं उत्तर सुटतं कधीकधी. तुझा एक मार्कच ग्रेड बदलतो, म्हणून तुझ्या बाबतीत हे करण्यात अर्थ आहे, ५० पैकी ३२ वालीला मी सांगितलं नसतं. पण त्याहून महत्त्वाचं काम म्हणजे लाल पेनाच्या शेजारी बसून प्रश्नाप्रश्नाचा हिशोब कर. तपासणाऱ्याकडे उत्तराचे टप्पे असतात, व्याख्येला एक, समीकरणाला एक, आकृतीला एक, उदाहरणाला एक, आणि एका गठ्ठ्यात खूप पेपर असतात, त्यामुळे त्याचे डोळे त्या टप्प्यांना शोधत पळतात. दीड पान निबंध लिहिला आणि त्यात बॅलन्स केलेलं समीकरणच नाही तर मार्क कुठे टाकणार? बारावीत पाठ करून लिहिलेलं चालून जायचं, इथे हायब्रिडायझेशन समजावून सांगा म्हटलं की ऑर्बिटलची आकृती लागते, इंडक्टिव्ह इफेक्टला बाण लागतात. सतरा मार्क गेलेत त्यातले किती न येणाऱ्या प्रश्नांचे, किती येत असून नीट न लिहिल्याचे आणि किती वेळ संपल्याचे, असे तीन ढीग पाड. पहिला ढीग मोठा असेल तर विषयाचा प्रश्न आहे, दुसरा-तिसरा मोठा असेल तर सवयीचा आहे, आणि सवय सेमभरात बदलते.

आणखी एक बघ, गेलेले मार्क कुठल्या भागात गेलेत. फिजिकल केमिस्ट्री, ऑरगॅनिक, इनऑरगॅनिक ही तीन वेगळी डोकी लागणारी कामं आहेत. तुझं मॅथ्स चांगलंय, म्हणजे थर्मोडायनॅमिक्स आणि कायनेटिक्सची गणितं तुला जड जायला नकोत. तीच जमत असतील आणि ऑरगॅनिकमध्ये भोपळा असेल तर तुला केमिस्ट्री जमत नाही असं म्हणता येणार नाही.

आता मॅथ्स मेजर. हा सल्ला तुला कुणी दिला, की नुसतं अक्षर बघून सुचलं? एफवायच्या पहिल्या सेमचं मॅथ्स अजून बारावीच्या अंगणात खेळत असतं, लिमिट, डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, ओळखीची गणितं जरा मोठी करून. मेजर घेतल्यावर जे मॅथ्स येतं ते वेगळं आहे बाई. रिअल ॲनालिसिस, ग्रुप थिअरी, तिथे गणित सोडवून उत्तर आणायचं नसतं, सिद्ध करायचं असतं, एप्सिलॉन-डेल्टा घेऊन अर्धा तास एका ओळीवर बसावं लागतं. काहींना त्याचं वेड लागतं आणि काही एफवायचे टॉपर टीवायला रडतात, दोन्ही बघितलंय. तू कुठल्यातली आहेस हे ७८ टक्क्यांवरून कळणार नाही. ते कळायला कॉलेजच्या लायब्ररीतून एसवायचं ॲनालिसिसचं पुस्तक आण, पहिल्या प्रकरणातली दोन प्रमेयं स्वतः वाच, आणि बघ मजा आली का झोप आली. केमिस्ट्रीचंही तसंच कर, मामांना सांग की एका सुट्टीच्या दिवशी बसून त्यांचं काम नीट समजावून सांगा: दिवसभर करतात काय, एचपीएलसी नावाच्या तपासणी यंत्रावर किती वेळ जातो, कागदपत्रं किती भरावी लागतात, शिफ्ट कशा असतात, पगार बीएस्सीला किती आणि एमएस्सीला किती. लहानपणी बघितलेला पांढरा कोट आणि रोजचं काम यात फरक असतो, आणि ते कळून पण केमिस्ट्रीच करायची वाटली तर मग बी ग्रेडचं काही वाटून घेऊ नकोस. क्यूसीच्या इंटरव्ह्यूला नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीतला फरक विचारतात, द्रावण कसं बनवशील विचारतात, पहिल्या सेमचा एसजीपीए कुणी विचारला असं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

बीसीए हा वाईट कोर्स नाही, पण तुझ्या पत्रात कॉम्प्युटरबद्दल एक अक्षर नाहीये. बाबांच्या रागातून आलेला तो पर्याय आहे, तुझ्या आवडीतून आलेला नाही. तुला खरंच कोडिंग करावंसं वाटत असेल तर परत लिही, तेव्हा वेगळं बोलू.

पुढे या आकड्याचं काय होणार हेही बघ. तीन वर्षांचे सहा सेमिस्टर, क्रेडिट सारखे धरले तर या सेमचं वजन एक षष्ठांश. उरलेल्या पाचात तू ८ ठेवलेस तर सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमची मिळून सरासरी, ७.८२. यूजीसीच्या चौकटीत चौथ्या वर्षी रिसर्चसह ऑनर्स करायला पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, ती दारं अजून उघडी आहेत, पण आधी सांगितल्याप्रमाणे ८ पॉइंट म्हणजे ८० टक्के नव्हे, तेव्हा मार्कांकडे लक्ष ठेव, नुसत्या अक्षरांकडे नको. एमएस्सीला आयआयटीत किंवा तशा संस्थेत जायचं मनात आलं तर जॅम परीक्षा द्यावी लागते, फेब्रुवारीत असते, तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क, आणि चुकलेल्या एमसीक्यूला मार्क कापतात. तिथे रँक ठरतो तो त्या तीन तासांवर. म्हणजे एसजीपीए बिनकामाचा नाही, फॉर्मची अट पूर्ण करायला लागतो, स्कॉलरशिप टिकवायला लागतो, पण दाराच्या आत जायला वेगळीच परीक्षा असते.

तुझ्यासारखी पत्रं बरीच येतात म्हणून इतरांसाठी दोन गोष्टी इथेच सांगते. एटीकेटी लागलेल्यांनी मार्कशीटवर आधी हे बघा की पेपर इंटर्नलमध्ये अडकलाय की एक्स्टर्नलमध्ये, काही विद्यापीठांत दोन्हीकडे वेगळं पास व्हावं लागतं आणि पोरं नको तो अर्धा भाग परत अभ्यासत बसतात. जे सेम सुरू व्हायच्या बेतात आहेत त्यांनी पहिल्याच आठवड्यात सिलॅबसची पीडीएफ उतरवून घ्या, तिच्यात कुठल्या युनिटला किती तास हे छापलेलं असतं. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमभरात साधारण १५ तास, प्रॅक्टिकलचा ३०, आणि प्रश्नपत्रिका काढणारा माणूस ती तासांची विभागणी समोर ठेवून बसतो. ज्या युनिटला दोनच तास दिलेत ते घोकत बसू नका.

बाबांचं राहिलं. त्यांच्या डोक्यात ८४ आहे, आणि बारावीच्या फिजिक्स-केमिस्ट्रीत शंभरातले तीस मार्क प्रॅक्टिकलचे असतात, तिथे जवळपास सगळ्यांनाच भरभरून मिळतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसणार. तू त्यांच्याशी भांडण्याऐवजी मार्कशीट उलटी करून मागचा तक्ता दाखव, मग एका कागदावर दोन बेरजा मांड, सायन्सचे सहा पेपर ३०० पैकी २१९, म्हणजे ७३ टक्के, आणि बाकीचे पाच २५० पैकी १४२, म्हणजे ५६.८. ६५.६ हा आकडा लपवू नकोस, तूच आधी सांग. आणि फोटोकॉपीच्या फीचे पैसे त्यांच्याकडूनच माग, कशासाठी हवेत ते सांगून.

मेजरचा फॉर्म दुसऱ्या सेमच्या परीक्षेच्या आधी भरू नकोस, मुदत असेल तर. मुदत नसेलच आणि उद्याच भरायचा असेल, तर माझ्या मते केमिस्ट्री लिही.